लेकीच्या बाळंतपणाला विलायतेत जाताना

पूर्वी पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी यायची. आता उलटं झालंय. लेक नवऱ्याबरोबर लंडन, रेडिंग नाहीतर मँचेस्टरला असते आणि सातवा लागला की माहेरच बॅगा भरून तिच्याकडे निघतं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातसुद्धा आता गल्लीआड एखादं घर असं सापडतं. पासपोर्ट होतो, व्हिसा येतो, तिकीट जावईबापू काढून पाठवतात. सगळं झालं की मग हळदीकुंकवाच्या गर्दीत एखादी बाजूला ओढून हळूच विचारते, “अगं, तिकडं वागायचं कसं गं?”

हा प्रश्न मोठ्यानं विचारला जात नाही, कारण त्याच्या पोटात भीती असते. आपल्या वागण्यानं लेकीला, जावयाला कुणासमोर खाली बघावं लागू नये, ही ती भीती. इंग्रजी न येण्याची लाज तिच्यात मिसळलेली असते. मी स्वतः धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला तीन महिने इंग्लंडात राहून आले. शिवाय मंडळातल्या जाऊन आलेल्या बायकांचे अनुभव गेली काही वर्षं ऐकतेय. त्यावरून एवढं नक्की सांगते, मैत्रिणींनो, तिथल्या रीतीभाती अवघड नाहीत. फक्त आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत. आधी माहीत असल्या की निम्मी भीती विमानात बसायच्या आधीच जाते.

बॅग भरताना

आपली पहिली तयारी म्हणजे डबे. पण ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे घरचं साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर काहीही नाही. ताजी फळं, भाज्या, पानं यांनाही बहुतेक वेळा सरकारी प्रमाणपत्र लागतं, तेव्हा त्या भानगडीत पडूच नये. विमानतळावर आईच्या हातचं तूप कचऱ्यात टाकताना बघणं फार जिवावर येतं. त्यापेक्षा डिंक, खारीक पूड, सुंठ पूड, मसाला असं कोरडं सामान न्यावं आणि लाडू तिथेच वळावेत. तूप तिथे मिळतं. लंडनमध्ये वेम्बली आणि साउथॉल, लेस्टर शहरात बेलग्रेव्ह रोड या भागांत तर आपलं सगळं वाणसामान मिळतं. मेथीची जुडी बघून परमुलखात आल्यासारखं वाटतच नाही.

बीपीच्या, साखरेच्या गोळ्या पुरेशा न्याव्यात, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तिथे केमिस्टकडे जाऊन “ती लाल गोळी द्या” म्हटलं की मिळत नाही. अँटिबायोटिक तर चिठ्ठीशिवाय सहसा नाहीच.

आणि एक गोष्ट पैसे वाचवायच्या नादात कधीही टाळू नका, ती म्हणजे प्रवासाचा आरोग्यविमा. तिथली सरकारी आरोग्यसेवा फुकट असते असं आपण ऐकलेलं असतं. ते तिथे राहणाऱ्यांसाठी. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला अपघात विभागात तपासतील ते फुकट, पण दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं, आणि इंग्लंडात ते ठरलेल्या दराच्या दीडपट असतं. विमा काढताना आधीची दुखणी लपवू नका. लपवली तर ऐनवेळी विम्याचा उपयोग होत नाही.

दारातला प्रश्न

विमानतळावर अधिकारी विचारतो, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुणाकडे, परत कधी. खरं तेच, थोडक्यात सांगायचं. मुलीकडे आले, तिचं बाळंतपण आहे, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं आणि नोकरी करता येत नाही. आजीनं भेटीला येऊन नातवंडाला सांभाळलं तर त्याला कुणी हरकत घेत नाही, मात्र ती पगारी आयाची नोकरी होता कामा नये. लेकीचा पत्ता, फोन, तिच्या पत्राची प्रत आणि परतीचं तिकीट एका पिशवीत, हाताशी ठेवावं. प्रश्न कळला नाही तर तसं सांगावं. नुसती मान हलवू नये.

मानेवरून आठवलं. आपण “हो, कळलं” म्हणताना मान डावीउजवीकडे डोलावतो. तिथल्या माणसाला त्यातून होकार आहे की नकार, काही उमगत नाही. तिथे सरळ तोंडानं “यस” किंवा “नो” म्हणायचं.

तीन शब्द आणि एक रांग

प्लीज, थँक यू आणि सॉरी. इंग्रजी येवो न येवो, हे तीन शब्द जिभेवर बसवून जा. आपल्याकडे घरच्या माणसाला “आभारी आहे” म्हटलं तर तो हसेल. आपले आभार नजरेत असतात, आवाजात असतात. तिथे ते शब्दातच असावे लागतात. दुकानात सुटे पैसे हातात आले, थँक यू. कुणी दार धरून ठेवलं, थँक यू. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू. “वन टी” म्हटलं तर ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं. “वन टी, प्लीज” म्हटलं की तीच बाई हसून चहा देते.

सॉरीची गंमत वेगळीच. धक्का तुम्ही मारलात तरी समोरचाच सॉरी म्हणतो. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली इंग्रजांच्या वागण्यावर पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्या गर्दीत मुद्दाम लोकांना धक्के मारत हिंडल्या, आणि बहुतेक इंग्रजांनी स्वतःची चूक नसताना माफी मागितली!

रांग मात्र त्यांच्याकडे देवासारखी. बसथांब्यावर, बँकेत, दवाखान्यात, आइस्क्रीमच्या गाडीसमोरसुद्धा. कधी कधी रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात, पण कोण कुणानंतर आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. “मला फक्त एकच विचारायचंय” म्हणून पुढे घुसलं तर कुणी भांडणार नाही. नुसते घसा खाकरतील, एकमेकांकडे बघतील. पण तो त्यांच्या लेखी मोठा अपमान असतो. दोन माणसांत हातभर अंतर ठेवायचं, पुढच्याच्या पाठीला चिकटून उभं राहायचं नाही.

बोलण्यातले दोन-तीन खाचखळगे सांगते. भेटल्यावर कुणी “ऑल राइट?” म्हणालं तर ते तब्येत विचारत नसतात. तो त्यांचा रामराम. “फाइन, थँक यू” एवढं पुरे, गुडघेदुखी सांगत बसायचं नाही. “चिअर्स” म्हणजे बहुतेक वेळा नुसतं थँक यू. दुकानदारानं “लव्ह” किंवा “डिअर” म्हटलं तर दचकू नका. आपला भाजीवाला “ताई” म्हणतो, त्यातलाच प्रकार. आणि उत्तर इंग्लंडात “टी”ला बोलावलं तर ते संध्याकाळचं जेवण असू शकतं, घरून जेवून जाऊ नका.

सगळ्यात मोठी अडचण आग्रहाची. आपल्याकडे पहिल्यांदा “नको” म्हणायचं असतं, यजमानानं तीनदा आग्रह करायचा असतो, मग आपण “बरं, अर्धा कप” म्हणायचं असतं. तिथे “नको” म्हणजे नको. “नो, थँक यू” म्हटलंत की विषय संपला, चहा परत विचारणार नाहीत. आमच्या एक काकू लेकीच्या शेजारणीकडे तासभर तशाच बसून आल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, “काय माणसं! पाणीसुद्धा विचारलं नाही.” विचारलं होतं. काकूंनी रीतीप्रमाणे नको म्हटलं होतं. हवं असेल तर पहिल्याच वेळी “यस, प्लीज” म्हणा. आणि आपल्या घरी ती शेजारीण आली तर तिच्या पानात बळेबळे चौथी पुरी वाढू नका. पानात टाकणं त्यांना अवघड जातं, आणि खाल्लं तर पोटाला.

रस्त्यावर, बसमध्ये

गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे ओलांडताना आधी उजवीकडे बघायची आपली सवय उपयोगी पडते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना पिवळे लुकलुकणारे गोळे असतील, तर तिथे पायी माणसाला आधी जाऊ देतात. आपण पट्ट्याशी उभं राहिलो की गाडी थांबते. आपल्या बायका गाडीलाच हात करून “जा, जा तू” म्हणतात आणि ड्रायव्हर गोंधळतो! गाडी पूर्ण थांबली की शांतपणे ओलांडायचं, हात उंचावून आभार मानायचे. जिथे सिग्नल आहे तिथे खांबावरचं बटण दाबून हिरव्या माणसाची वाट बघायची.

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवावं लागतं. लेकीकडून ते आधी शिकून घ्या. बस यायची वेळ झाली की थांब्यावर हात दाखवावा. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी ठेवायची. साडीचा काठ आणि ओढणी सांभाळा. गाडीत लोक एकमेकांशी बोलत नाहीत, हे उर्मटपणाचं नाही, तिथे ते सभ्यपणाचं लक्षण आहे. म्हणून बसमध्ये बसून मोठ्या आवाजात गावाकडे व्हिडिओ कॉल नको. रस्त्यात थुंकणं, कागद टाकणं अर्थातच नाही. कचरा टाकल्याचा दंड जागेवर होऊ शकतो.

लेकीचं घर

खरी परीक्षा घरातच असते. तिथल्या न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते! पाणी जाण्याची वाट फक्त टबात. म्हणून अंघोळ टबात उभं राहूनच करायची आणि पडदा टबाच्या आत सोडायचा. बादली-तांब्या घेऊन बाहेर बसलं तर पाणी लाकडी फरशीतून खालच्या मजल्याच्या छतावर उतरतं आणि दुरुस्तीचा खर्च लेकीच्या माथी बसतो. संडासातही कोरडाच कारभार. आपल्या सवयीसाठी एक टमरेल जरूर ठेवा, पण जमिनीवर पाणी सांडू देऊ नका. दिव्याचं बटण न सापडल्यास छताकडे बघा, दोरी लोंबत असते.

दुसरी गोष्ट, फोडणी. छताला धुराची सूचना देणारं यंत्र असतं. मोहरी तडतडली, मिरची पडली, धूर झाला की ते कानठळ्या बसतील असं ओरडतं. मोठ्या इमारतीत तर कधी सगळे रहिवासी जिने उतरून खाली येतात आणि आपण हातात झारा घेऊन मधे उभ्या. फोडणीच्या आधी वरचा पंखा सुरू करा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा. पण त्या यंत्रावर कापड बांधू नका, त्याची बॅटरी काढू नका. ते जीव वाचवण्यासाठी असतं.

आपल्या प्लगच्या गोल पिना तिथल्या चौकोनी भोकांत बसत नाहीत, जोडपिन न्यावी. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा आणि कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे त्या त्या गावच्या नगरपालिकेचं ठरलेलं असतं. भिंती पातळ असतात. रात्री अकरा ते सकाळी सात ही शांततेची वेळ, तेव्हा पहाटे उठून मिक्सर लावणं किंवा खलबत्त्यात वेलची कुटणं जरा आवरायचं. दुकानात पिशवीचे पैसे पडतात, कापडी पिशवी सोबत ठेवा. त्यात आपण मूळच्याच तरबेज! इंग्लंड आणि वेल्समध्ये रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात आणि नाताळच्या दिवशी रेल्वेसुद्धा बंद, हे ध्यानात ठेवून सामान भरा.

शेजारधर्म

न सांगता कुणाच्या दारात जायचं नाही. आधी फोन, मग भेट. जेवायला सातला बोलावलं तर सातच्या पाच-दहा मिनिटं नंतर जावं. आधी तर मुळीच जाऊ नये, आणि आठलाही नाही. रिकाम्या हातानं जायचं नाही, फुलं किंवा चॉकलेट न्यावं. दुसऱ्या दिवशी आभाराचं कार्ड किंवा निरोप. चपला काढायच्या का, ते दारात विचारावं. काही घरांत बुटासकट वावरतात. “कधीतरी या हं घरी” असं म्हणाले तर ते बोलावणं नसतं. दिवस आणि वेळ सांगितली, तरच ते बोलावणं.

काय विचारू नये? पगार किती, घर केवढ्याला घेतलं, वय काय, लग्न झालं का, मूल का नाही, जाड का झालात. आपल्याकडे ही आपुलकी, तिथे ती आगाऊपणाची हद्द. मग बोलायचं काय? हवा! “आज थंडी आहे, नाही?” इतक्या वाक्यावर तिथे मैत्री सुरू होते. बाग, कुत्रा, चहा हे विषयही चालतात. अनोळखी माणसाच्या मुलाचा गालगुच्चा घेऊ नये, फोटो तर नाहीच नाही. आणि सत्तरीची शेजारीण “मला मार्गारेट म्हणा” म्हणाली तर खुशाल मार्गारेट म्हणा. नावानं हाक मारणं तिथे अनादर नाही. डॉक्टर, नर्ससुद्धा लेकीला नावानंच हाक मारतील.

खाण्यापिण्यात सावध राहा. तिथल्या “व्हेजिटेरियन”मध्ये अंडं चालतं. केक, पुडिंग, पास्ता यांत ते असू शकतं. जेली आणि चघळायच्या गोळ्यांत जनावरापासून केलेलं जिलेटिन असतं, काही चीजमध्येही जनावराचा अंश असतो. आपल्यासारखा हिरवा ठिपका सगळीकडे नसतो, तेव्हा “सुटेबल फॉर व्हेजिटेरियन्स” ही अक्षरं लेकीकडून ओळखायला शिका. आमंत्रण आलं की आधीच सांगून टाका की मी अंडं, मांस, मासे खात नाही. त्याचा राग कुणाला येत नाही, ताटावर बसून सांगितल्याचा येतो. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, वांटेज गावात मठातल्या भगिनींकडे राहिल्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि शिकवलं. तेव्हाही त्या शाकाहारी राहिल्या. त्या काळात त्यांना जमलं, तर आज आपल्याला न जमायला काय झालं?

बाळंतपण: आजीची समजूत आणि तिथली पद्धत

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण आई-लेकीत तिथे खटके उडतात ते इथेच. प्रसूतीच्या खोलीत नवरा सोबत असतो, हे तिथे नेहमीचं आहे. सगळं सुरळीत झालं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाळ-बाळंतिणीला घरी पाठवतात. “एवढ्या लवकर? टाके तरी सुकू द्यायचे” असं आपल्याला वाटतं. पण मग मिडवाइफ, म्हणजे सुईणीचं शिक्षण घेतलेली नर्स, घरी येऊन तपासते. बाळाचं वजन, लसी यांची नोंद एका लाल वहीत होते. ती वही जपून ठेवा.

मिडवाइफ कधी म्हणेल, “मला तुमच्या मुलीशी एकटीशी बोलायचंय.” तेव्हा रागावू नका. मन उदास आहे का, घरात कुणी त्रास देतं का, हे त्या प्रत्येक बाईला एकांतात विचारतात. सामाजिक काम करताना मी बघते, आपल्याकडे हा प्रश्न बाळंतिणीला कुणी विचारतच नाही. ही त्यांची रीत मला फार आवडली.

बाळाला तिथे उताणं झोपवतात, आईच्या खोलीत पण वेगळ्या पाळण्यात, पहिले सहा महिने. उशी नाही, दुलई नाही, मऊ खेळणी नाहीत. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या खूपच कमी झाली. खोली १६ ते २० अंश एवढीच उबदार ठेवतात. आपल्याला ती गार वाटते आणि आपण कुंची, टोपडं, मोजे, दोन दुपटी असं गुंडाळायला जातो. पण घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपडं नको, असं तिथे सांगतात, कारण बाळ डोक्यातूनच जास्तीची ऊब बाहेर टाकतं. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. काजळ-सुरम्यात शिसं असण्याचा धोका असतो, म्हणून तेही नको. शेक-शेगडी, धुरी तर धुराच्या यंत्रामुळेच बाद! मालिश, गुटी यांबद्दल मिडवाइफला विचारावं, ती नीट समजावते.

बायांनो, यात आपला अपमान नाही. आपल्या आईनं आपल्याला मध चाटवला आणि आपण जगलो, हे खरं. पण सगळीच बाळं जगली नाहीत, हेही आपल्या आज्यांना ठाऊक होतं. लेक “आई, नको ना” म्हणाली तर तिला दोष देऊ नका. तिला दोन्हीकडून ऐकावं लागत असतं. त्याऐवजी आपल्याकडचं जे उत्तम आहे ते द्या. गरम खीर, मेथीची भाजी, रात्री बाळ घेऊन बसणं, तिला दुपारी दोन तास झोपू देणं. एवढ्या तोडीची गोष्ट तिथे पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

जन्माची नोंद इंग्लंड, वेल्समध्ये ४२ दिवसांच्या आत आणि स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांच्या आत करावी लागते, म्हणून नाव लवकर ठरवा. बाराव्या दिवशी बारसं केलं की प्रश्नच मिटला. आणि मोठं नातवंड असेल तर त्याला चापट मारू नका. स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून मुलांना मारणं कायद्यानंच बंद आहे.

हे पाठ कराच

लेकीच्या घराचा पत्ता, त्याचा पोस्टकोड आणि ९९९ हा आकडा. रुग्णवाहिका, पोलीस, अग्निशमन सगळ्यांना हाच नंबर. १९३७ पासून तो लंडनमध्ये चालू आहे. जिवावरचं संकट नसेल, नुसता सल्ला हवा असेल, तर १११.

आमच्या मंडळातल्या एक बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. जायच्या आधी पंधरा दिवस आम्ही त्यांच्याकडून चार वाक्यं घोकून घेतली. अँब्युलन्स प्लीज. माय डॉटर. बेबी कमिंग. आणि पोस्टकोड. त्या हसायच्या, “जावई असतोय की घरात, मला कशाला?” जावई कामावर असताना, तारखेच्या दोन आठवडे आधी, दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. तिला बोलता येईना. बाईंनी फोन उचलला, चार वाक्यं म्हटली, शेवटी “मराठी” म्हणाल्या. पलीकडून दुभाष्याची सोय होईपर्यंत गाडी निघालीसुद्धा होती. आज नातू शाळेत जातो. बाई अजून म्हणतात, “आयुष्यात इंग्रजी एकदाच बोलले, पण कामाचं बोलले.”

दुपार मोठी असते

शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. तिथे गेलेल्या बायका रीतीभातींनी दमत नाहीत, एकटेपणानं दमतात. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. जावई कामावर, लेक झोपलेली, दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. इकडे फोन करावा तर हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेचार. इथे निजानीज झालेली. अशा वेळी “मी इथे मोलकरीण म्हणून आले का?” असा विचार मनात येतो आणि भांडणाला तेवढं पुरतं.

म्हणून जायच्या आधीच लेकीशी मोकळं बोलून घ्या. रोज एक तास मी बाहेर जाणार, हे ठरवून टाका. जाड मोजे, पायात बूट, साडीवर कोट, आणि निघायचं. कुणी हसत नाही, कुणी वळूनही बघत नाही. बाग असते, सार्वजनिक वाचनालय असतं, तिथे लहान बाळांसाठी गाण्यांचा कार्यक्रम असतो. बाळगाडी ढकलणाऱ्या आजीशी तिथली माणसं आपणहून बोलतात. जुन्या वस्तू विकून समाजकार्याला पैसे उभे करणारी दुकानं गल्लोगल्ली असतात, तिथे म्हाताऱ्या बायका काम करतात, त्यांच्याशी ओळख होते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, तिथे गणपती-दिवाळीला मराठी कानावर पडतं. किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थीदशेत राहिले ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली घेऊन जतन केलंय, तेही बघून या.

लेकींनाही एक सांगायचंय. आईला पाठवायच्या यादीत पीठ-मसाल्यांबरोबर थोडा तुमचा वेळही लिहा. पहिल्या आठवड्यात तिला बसचं कार्ड वापरायला शिकवा, शेजारणीची ओळख करून द्या, जवळच्या दुकानातून एकटीला दूध आणायला पाठवा. चुकली तर हसू नका. ती तुमच्यासाठी साठाव्या वर्षी नवा देश शिकतेय.

आणि तुम्ही, मैत्रिणींनो, मान ताठ ठेवून जा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. नम्रपणे बोललेली मोडकी भाषा तिथे समजून घेतात. नम्रपणा आपल्याला नवा नाही. फक्त आपण तो मनात ठेवतो, तिथे तो बोलून दाखवायचा असतो, एवढाच काय तो फरक.